रोज दवाखान्यात येणारा पेशंट

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आमचे निवृत्त होणारे डॉक्टर, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या काकू, सहकारी आणि दुकानं लवकर बंद करून आलेली आमची पेशंट मंडळी, सर्वांना नमस्कार.

मी आपल्या दवाखान्यातली तंत्रज्ञ. ईसीजी काढते, ब्लडप्रेशर मोजते. सरांच्या गुणांबद्दल आधीचे वक्ते भरपूर बोलले, मी एका दोषाबद्दल बोलणार आहे. सरांची परवानगी घेतली आहे. जेवता जेवता हसत दिली, त्यामुळे ती आता मागे घेता येणार नाही.

सरांचं ब्लडप्रेशर वाढलेलं आहे. गोळी सुरू झाली, महिन्याने पुन्हा मोजायचं ठरलं. तो महिना केव्हाच उलटला. गोळी लागू पडते आहे की नाही, हे या सभागृहात कोणालाच माहीत नाही. सरांनासुद्धा नाही. माझी काळजी एवढीच आहे.

पेशंट परत का येत नाहीत? बरं वाटतं म्हणून. ब्लडप्रेशर दुखत नाही, हीच त्याची पंचाईत. आमचे टेलरकाका, ते बघा, दुसऱ्या रांगेत आत्ताच हसायला लागले, तपासणी चुकवून बसले होते. सरांनी स्वतः फोन लावला.

"काका, आला नाहीत?"

"आलो की परवा! दवाखान्याचे नवे पडदे लावून गेलो. तुम्हीच तर चहा पाजलात."

"अहो, पण तपासून कुठे घेतलंत?"

"दवाखान्यात आलो ना? मग झालं तर!"

सर आठवडाभर हा किस्सा भेटेल त्याला सांगत होते. शेवटी मी विचारलं, "सर, आणि तुमची तपासणी?"

"अगं, मी तर रोज इथेच असतो!"

टेलरकाका, टाळ्या नंतर.

पण सरांचं तरी काय चुकलं? दिवसभर दुसऱ्यांच्या दंडाला पट्टा बांधणाऱ्याला स्वतःचा दंड कधी आठवणार? इथल्या प्रत्येक खोलीत यंत्र आहे, आणि पेशंटच्या खुर्चीत बसायला सरांना फुरसत नाही.

म्हणूनच मला आजच्या निरोपाचा मनापासून आनंद होतो आहे. सर, उद्यापासून तुम्हाला इथे काहीही काम नाही. राऊंड नाही, मीटिंग नाही. आता याल ते फक्त स्वतःसाठी. सोमवारी सकाळी या.

काकू म्हणतायत, "मी आणते ओढून." ऐकलंत ना? सर विचारतायत, रांगेत बसायचं का. हो सर, बसायचं.

बोलू दिल्याबद्दल आयोजकांची आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर आपण सर्वांनी मला इथल्या इथे माफ करावं. सरांनी मात्र सोमवारी, समक्ष येऊन.