राखाडी कोटातला कापूस

मी, जिला सगळे शिंपीणबाई म्हणतात ती, वय ४६, धंदा शिवणकाम, राहणार संसदेमागच्या गल्लीत दुकानाच्याच माडीवर, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

"गिऱ्हाइकाचं माप वहीत ठेवायचं, तोंडात नाही," असे माझी मावशी तीस वर्षांपूर्वी, मी कामाला बसले त्या दिवशी म्हणाली होती. दुकान तिचे. पंतप्रधान बाई आणि विरोधी पक्षनेत्या बाई तिच्या काळापासूनच्या गिऱ्हाईक. कॉलेजात त्या एका खोलीत राहत. दोघींत मिळून एकच कोट होता. एक मुलाखतीला आत गेली की दुसरी बाहेर कुडकुडत थांबे. मावशीने दोघींची मापे एकाच पानावर लिहिली, मीही तेच पान पुढे चालवले. आता त्या एकमेकींशी फक्त माइकवरून बोलतात.

या अधिवेशनासाठी दोघींनीही राखाडी कोट सांगितला. चिठ्ठ्या लावताना माझी चूक झाली आणि रविवारी कोट उलट्या घरी गेले. सोमवारी दुपारी विरोधी पक्षनेत्या बाई स्वतः पंतप्रधानांचा कोट घेऊन दुकानात आल्या. खांदा दाबून म्हणाल्या, "हा कापूस कशाला गं? कधीपासून भरतेयस?"

मी मापाची वही मिटून बाजूला ठेवली.

"नको बोलूस. मावशीचीच भाची तू. जेवते तरी का ती?"

हा प्रश्न गुन्ह्याशी संबंधित नसल्याने मी काय उत्तर दिले ते सांगत नाही. त्या कोट मांडीवर घेऊन दहा मिनिटे बसल्या. मग म्हणाल्या, "डावीकडे अजून अर्धा इंच घाल. टीव्हीवर खांदा पडलेला दिसतो." मी घातला. सुईत दोरा त्यांनी ओवून दिला, कारण दुपारी दुकानात मला नीट दिसत नव्हते. संध्याकाळी पंतप्रधानांच्या ड्रायव्हरने कोट बदलून नेला.

मंगळवारी त्या सभागृहात म्हणाल्या, "देश उपाशी, आणि पंतप्रधान बघा, दिवसेंदिवस अंगानं भरतायत!" गदारोळ झाला. सत्ताधाऱ्यांनी निषेध केला. वाहिन्यांनी तीन तास पंतप्रधानांच्या आहारावर चर्चा केली. आदल्या आठवडाभर याच वाहिन्या पंतप्रधानांच्या तब्येतीबद्दल विचारत होत्या, ते थांबले. सगळ्या सभागृहात एकट्या पंतप्रधान बाई हसल्या. हे मी टीव्हीवर पाहिले.

बुधवारी कोटांची अदलाबदल त्या ड्रायव्हरकडून सत्ताधारी पक्षाच्या प्रवक्त्यांना कळली. त्यांनी पंतप्रधानांचा कोट चाचपला. अस्तरात मऊ लागते, म्हणजे विरोधकांनी ऐकण्याचे यंत्र बसवले, अशी तक्रार दिली. पंचांसमक्ष कोट उसवला. कापूस निघाला. यंत्र फारच लहान असावे असे प्रवक्त्यांचे म्हणणे पडल्याने कापूस तपासणीस पाठवला आहे.

"कापूस मीच भरला, बाई जाड दिसावी म्हणून," असा जबाब विरोधी पक्षनेत्या बाईंनी दिल्याचे साहेबांनी मला सांगितले. तो खरा नाही. त्यांना साधे बटण लावता येत नाही. कॉलेजात त्यांची बटणे पंतप्रधान बाईच लावून देत. शुक्रवारी अविश्वास ठरावावर मतदान आहे. सरकार पडले तर खुर्ची त्यांनाच मिळणार. खरे कारण सांगायला त्यांना एक वाक्य पुरले असते. कापूस मी भरला. का भरला असे विचारल्यावरून सांगते की तशी फॅशन आहे.

माझी मापाची वही जप्त केली आहे. त्या पानावर दोन रकाने आहेत. एकातले आकडे तीस वर्षांत अंमळ वाढले. दुसऱ्याबद्दल मला काही सांगायचे नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. 'फॅशन' या शब्दाला साहेब थांबले, पण मी सांगितला तसाच तो ठेवला आहे. बाकीही बरोबर आहे.

एक विनंती लिहून घ्यावी. वही निदान शुक्रवारपर्यंत उघडू नये. साहेबांनी चष्मा पुसायला घेतला आहे, म्हणजे ते नाही म्हणणार. तरी लिहून घ्यावी.