आभार मानायला गुरुदत्त आहेच

पूर्वी : कट! बाबा, तुमच्या पुस्तकाच्या जाहिरातीचा एक मिनिटाचा व्हिडिओ, आणि सगळा वेळ तुम्ही आभारच मानताय. लाइन आळीतले छापखानेवाले झाले, मुखपृष्ठवाले झाले, आपल्या सोसायटीचे सेक्रेटरीसुद्धा झाले!

गुरुदत्त : त्यांनी पुस्तकांचे गठ्ठे लिफ्टमधून आणू दिले, पूर्वी. नाव घ्यायला नको?

पूर्वी : आणि पुस्तकाचं नाव?

गुरुदत्त : ते शेवटी घेणार होतो.

आशालता : शेवटी म्हणे! नातेवाइकांपलीकडे एक प्रत गेलेली नाही. दिवाणात गठ्ठे, दिवाणाखाली गठ्ठे. सुनेनं तुमच्यासाठी सुट्टी काढलीय, नीट बोला की.

गुरुदत्त : मला दुसरं येतच नाही गं. ऑफिसात निरोपसमारंभ असो, सत्यनारायण असो, 'आभार मानायला गुरुदत्त आहेच' हे ठरलेलं. प्रमुख वक्ता दुसराच कोणीतरी. मी उभा राहिलो की लोक उठायला लागायचे. खुर्च्या सरकायच्या, वड्यांचा वास सुटलेला असायचा. माझं एक पूर्ण वाक्य कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. एकदा तरी कुणी ऐकावं म्हणून पुस्तक लिहिलं, तर तेही दिवाणात.

पूर्वी : मग आज प्रमुख वक्ते तुम्ही. आभार बंद. मोबाइलकडे बघू नका, माझ्याकडे बघा आणि मला सांगा, पुस्तकात काय आहे?

गुरुदत्त : लाँच आहे. आम्ही उरणला राहायचो तेव्हा मी मोऱ्याच्या बंदरातून रोज लाँचनं मुंबईला ऑफिसला जायचो. एका संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावर पोचलो, तर शेवटची लाँच सुटलेली. तुझा नवरा तेव्हा तान्हा, तापानं फणफणलेला. औषध माझ्याकडे. दिनानाथ खलाशानं मला धावताना पाहिलं आणि लाँच मागे घ्यायला लावली. भरलेली लाँच, पण कुणी कुरकुरलं नाही. हात देऊन मला आत ओढलं, सरकून जागा केली. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर दिनानाथ म्हणतो, "बसा साहेब. पोर वाट बगत असंल." त्या माणसांचं हे पुस्तक, 'मोऱ्याची लाँच'. तेव्हा बोलायचं राहिलं ते आता छापलंय. कुणीतरी वाचावं, बास.



आशालता : झालं का गं रेकॉर्ड?

पूर्वी : अजून चालूच आहे, आई. बंद करायचं सुचलंच नाही.

गुरुदत्त : मग तेवढे आभार उरकून घेतो.

आशालता : तुम्ही गप्प बसा. प्रमुख वक्त्यानं आभार मानायचे नसतात. ते मी मानते. पूर्वी, मला पण घे त्यात. दिसतेय ना? नमस्कार. आजचे प्रमुख वक्ते म्हणजे माझे यजमान. त्या दिवशी हे घरी आले ते लाटांच्या पाण्यानं चिंब, पण शर्टाच्या आत धरलेलं औषध कोरडं होतं. लाँचमधल्या सगळ्यांचे मी मनापासून आभार मानते. आणि यांचेही. कुणी केलेलं हे कधी विसरले नाहीत, आणि स्वतः केलेलं यांनी कधी बोलून दाखवलं नाही...

पूर्वी : एक मिनिट हं आई, चहा उतू जाईल, मी पटकन गॅस...

गुरुदत्त : बस खाली, पूर्वी. आभार चालू आहेत.