अकरा रात्रींचं बोलणं

ती : हे अक्षर तुमचंच ना?

तो : कुठे सापडलं तुला?

ती : शब्दकोशात.

तो : तू शब्दकोश कशाला उघडलास?

ती : उघडला कुठे? खिडकी आपटत होती, अडकवायला काहीतरी जाड हवं होतं. उचलला तर आतून हे कागद पडले. अहो, बोला ना. काय आहे हे?

तो : टिपणं आहेत.

ती : कसली? “नंबर सांगा.” “थांबा, लाईन देते.” “बोला, समोरचे आलेत.” अकरा कागद, प्रत्येकावर तारीख. या वयात कादंबरी लिहायला घेतलीत की काय?

तो : माझ्याच्यानं होणार आहे का ते? जन्मभर छापखान्यात दुसऱ्यांची मुद्रितं तपासली. स्वतःचं एक पान लिहायचं म्हटलं की पहिल्याच ओळीत मला दहा चुका दिसतात.

ती : मग ही वाक्यं कुणाची?

तो : तुझी.

ती : माझी? टेलिफोनचा बोर्ड सुटून मला तीस वर्षं झाली. मी कधी म्हटलं हे?

तो : झोपेत म्हणतेस.

ती : काहीतरीच.

तो : मलाही आधी तसंच वाटलं. फोनमध्ये आहे ते. उशाशी ठेवतो ना मी.

ती : तो तुमच्या घोरण्यासाठी!

तो : घोरण्यासाठीच. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, अकरा रात्री उशाशी ठेवा, श्वास कुठे अडकतो ते तो मोजेल, मग सगळं आम्हाला पाठवून द्या. पण त्याला काय कळतं पेशंट कोण आणि शेजारी कोण ते? खोलीत जे झालं ते त्यानं घेतलं. पट्ट्या दाखवतो. माझं घोरणं निळं. मधूनमधून एक पिवळी पट्टी. मी म्हटलं ही पिवळी काय भानगड आहे, म्हणून बोट ठेवलं.

ती : आणि ऐकत बसलात.

तो : पहिल्यांदा चुकून.

ती : आणि बाकीच्या दहा वेळा?

तो : अगं, आवाज तुझा होता आणि तुझा नव्हता. एकवीस वर्षांचा होता. लग्नाआधी मी होस्टेलच्या जिन्याखालच्या फोनवर ऐकायचो ना, तो. सेहेचाळीस वर्षं मी तुझ्या शेजारी घोरत पडलो होतो, म्हणून मला तो कधी ऐकू आला नाही. रोज दुपारी तू डोळे मिटलेस की मी बाहेरच्या खोलीत जाऊन कानाला लावायचो. एकेक दिवा लागतोय, तू एकेकाला जोडून देतेयस. एखादं गाव हळूहळू जागं व्हावं तसं वाटायचं.

ती : तसंच असायचं ते. समोर सगळा काळोखा बोर्ड. मग एक दिवा लागायचा, मग दुसरा, मग एकदम सात-आठ. कोण कुठल्या घरात उठलंय ते मला न बघता कळायचं. नंतर आपोआप लाईन जोडणारं मशीन आलं. साहेबांनी एका सोमवारी मोठा खटका खाली ओढला आणि सगळे दिवे एकदम गेले. कितीतरी दिवस मला कान पोकळ झाल्यासारखे वाटत होते.

तो : ते कधी बोलली नाहीस.

ती : काय बोलायचं? मशीन म्हणजे बरंच झालं, असंच सगळे म्हणत होते. मीही म्हटलं. पण अहो, हे कागद... तुम्हाला ठाऊक आहे ना, मी सही केली होती? नोकरीच्या पहिल्या दिवशी. तारेवर कानी पडलेलं कुणापुढेही उच्चारणार नाही. आईला सांगितलं नाही मी, तुम्हाला नाही. कुणाचं लग्न मोडलं, कुणाला कुठला आजार, सगळं गिळून बसले. आणि आता हे चपटं यंत्र माझ्याच तोंडून काढून घेतंय. त्यानं कुठे सही केलीय?

तो : त्याच्यातर्फे मी केली. “मान्य आहे” वर बोट ठेवलं.

ती : वाचलंत तरी?

तो : चाळीस पानं होती. तिसऱ्या पानावर डुलकी लागली.

ती : छान! परीक्षेचा पेपर देताना सुद्धा वरच्या सूचना दोनदा वाचणारा माणूस. यात लोकांची नावं आहेत?

तो : एकही नाही. मुद्दाम शोधली. झोपेतसुद्धा तू कुणाचं नाव घेत नाहीस.

ती : तेवढं तरी बरं. पाठवलंत का हे दवाखान्यात?

तो : नाही.

ती : मुदत होती ना?

तो : सोमवारी होती. बाईंचा परवा फोन आला. मी म्हटलं, नेट मिळत नाहीये.

ती : तुम्ही खोटं बोललात? तुम्ही?

तो : तुझ्याइतकं सफाईनं नाही जमलं.

ती : म्हणजे काय?

तो : काही नाही. दे ते कागद.

ती : थांबा. हा पाचवा. याच्यावर नुसती तारीख आहे. बाकी कोरा.

तो : त्या दिवशी लिहवलं नाही.

ती : का? त्या रात्री मी बोलले नाही?

तो : बोललीस.

ती : काय बोलले? अहो, इकडे बघा. काय बोलले मी?

तो : तू ऐकू नयेस असं मला वाटतं.

ती : माझं बोलणं तुम्ही ऐकायचं, फोननं ऐकायचं, उद्या दवाखान्यातल्या बाईंनी ऐकायचं. मीच तेवढी ऐकायची नाही?

तो : ...बरं. बस इथे. आवाज बारीक आहे, कानाजवळ धर.

फोन : ...ऐकू येत नाही का? बरं, मी सांगते. म्हणतात, वडील गेले. काल रात्री. हो, वडील. म्हणतात, मुलाला सांगू नका. गुरुवारी त्याचा शेवटचा पेपर आहे. तोवर सांगू नका. ऐकताय ना? म्हणतात, मुलाला...

ती : बंद करा.

तो : अजून आहे. पुढे तू कुणालातरी सांगतेस, लाईन मिळत नाही. आज पण नाही. उद्या बघा. तीन-चारदा तेच. आणि मग रडतेस.

ती : बंद करा म्हटलं ना.

(खिडकी दोनदा आपटते; कोणी उठत नाही.)

ती : तुमच्या ताईंचा फोन होता तो. होस्टेलच्या सुपरिटेंडंटना. लाईन इतकी खरखरत होती की त्यांना काही केल्या ऐकू जाईना. अशा वेळी आम्ही मध्ये राहायचं आणि एकेक वाक्य पुढे सांगायचं, अशी पद्धत होती. ताई रडत सांगत होत्या, मी न रडता पुढे सांगत होते. तुमचे वडील गेले हे इकडे पहिल्यांदा उच्चारलं ते मी. तेव्हा तुम्ही कोण, काळे की गोरे, मला माहीत नव्हतं.

तो : आणि संध्याकाळी मी फोन केला.

ती : त्याच संध्याकाळी. “माझ्या घराजवळच्या दुकानात फोन आहे, तो लावून द्याल का, वडिलांना बरं नाहीये.” किती हळू बोलायचात तुम्ही. जसं काही फोन लावणं म्हणजे माझ्यावर मोठं ओझं टाकणं. लाईन दुपारीच दुरुस्त झाली होती. स्वच्छ होती, घुंगरासारखी. आणि मी म्हटलं, लाईन मिळत नाही.

तो : चार संध्याकाळी.

ती : चारही. मला कुणी सांगितलं नव्हतं तसं म्हणायला. ताईंनी सुपरिटेंडंटना सांगितलं होतं, मला नाही. माझं काम जोडून द्यायचं. त्या नोकरीत मी एकदाच काम केलं नाही, ते तुमच्या बाबतीत.

तो : सुपरिटेंडंटनी मला सांगितलं ते गुरुवारी रात्री. त्या सोमवारी संध्याकाळी साडेसातची बस होती. मला ते वेळापत्रक अजून पाठ आहे. पहाटे पोचलो असतो. घरचे तोवर थांबले असते माझ्यासाठी. मी बाबांचा चेहरा बघितला असता.

ती : माहीत आहे मला.

तो : ताईशी मी नऊ वर्षं बोललो नाही. तिनं लपवलं म्हणून. ती म्हणायची, अरे, तू फोन करशील आणि तुला कळेलच, असं मला आतून वाटत होतं. आणि मी तिला म्हणायचो, केला होता, रोज केला होता, माझं नशीबच फुटकं, लाईनच मिळाली नाही.

ती : दर वर्षी म्हणत होते ना मी, ताईंना पत्र लिहा.

तो : हो. आणि मी लोकांना कौतुकानं सांगायचो, माझ्या बायकोला नणंदेची किती माया!

ती : टोमणे मारा. मारायलाच हवेत.

तो : पाचव्या रात्रीनंतर मी तीन दिवस तुझ्याशी धड बोललो नाही, कळलं का तुला?

ती : मला वाटलं पोट बिघडलंय.

तो : दिवसभर बागेतल्या बाकावर जाऊन बसायचो. वाटायचं, घरी जाऊन विचारावं. मग वाटायचं, कशाच्या जोरावर विचारू? चोरून ऐकलेलं आहे. विचारलं असतं तर तू पहिल्यांदा हेच म्हणाली असतीस, माझी झोप तुम्ही कुणाला विचारून उघडलीत? आणि बरोबरच म्हणाली असतीस.

ती : मला विचारायचंत. मी सांगून टाकलं असतं.

तो : सेहेचाळीस वर्षं का नाही सांगितलंस?

ती : पहिल्या भेटीतच सांगणार होते. तुम्ही एक्स्चेंजमध्ये आलात, आठवतं? लेखी तक्रार घेऊन. चार दिवस लाईन बंद होती त्याची चौकशी व्हावी म्हणून. एक काना-मात्रा चुकलेली नाही. साहेब जेवायला गेले होते, म्हणून तुम्ही ती माझ्यासमोर ठेवलीत. मी वाचली आणि मला रडू फुटलं. सांगणारच होते, तेवढ्यात तुम्ही तो कागद उचललात आणि खिशात घातलात.

तो : मला वाटलं, नोकरी जाईल या भीतीनं रडतेयस. म्हटलं, आपल्या एका कागदापायी एका मुलीचं वाटोळं नको.

ती : वर माझीच माफी मागितलीत! ज्यानं माझी माफी मागितली त्याला कुठल्या तोंडानं सांगू? मग तुम्ही पुन्हा आलात. मग रोज यायला लागलात. जितके दिवस गेले तितकं सांगणं जड होत गेलं. पुढे मुलं झाली, घर झालं. आता तर लग्नात आणि त्या खोट्यात कुठे शिवण आहे तेच दिसेना.

तो : हं.

ती : रागवा ना. असे शांत नका बसू.

तो : रागावून झालं. बाकावर झालं ते. तिथेच एक गोष्ट लक्षात आली, ती सांगू का? हसशील.

ती : नाही हसत.

तो : समोर एक मुलगा बसला होता. कानात ती बोंडं घालून. फोन वाजला, त्यानं बघितलं आणि त्याचा चेहरा एका क्षणात म्हातारा झाला. काय कळलं त्याला कोण जाणे. कुठून तरी निघालं आणि थेट त्याच्या तळहातावर येऊन पडलं. मध्ये कुणी नव्हतं. आणि मला माझे ते चार दिवस आठवले. सोमवार ते गुरुवार. पेपर लिहिताना मी मनातल्या मनात बाबांना प्रश्न वाचून दाखवत होतो. रात्री गच्चीवर झोपायचो तर वाटायचं, ते पण अंगणात पडलेत, हेच आभाळ बघतायत. सगळ्या जगासाठी ते गेले होते. माझ्यापुरते चार दिवस जास्त जगले.

ती : असं म्हणून मला सोडवू नका.

तो : सोडवत नाहीये. त्यांचा चेहरा बघायचा राहिला, ते राहिलंच. ते तुझ्यामुळे राहिलं. हेही खरं आणि तेही खरं. दोन्ही कशी एका ओळीत बसवायची ते मला जमत नाही. मोठ्या लेखकाला जमलं असतं.

ती : ...पाठवून द्या ते दवाखान्यात. पाच वाजेपर्यंत असतात त्या बाई.

तो : हे? छे. पुसून टाकणार आहे मी. अकराच्या अकरा.

ती : आणि तुमचा श्वास?

तो : माझ्या श्वासाचं काय एवढं?

ती : मी जागी असते तेव्हा मोजते. कधी कधी वीस अंकांपर्यंत येत नाही तो. मी कोपर मारते तेव्हा सुरू होतो. ऐकू दे त्या बाईंना, मला काय व्हायचंय?

तो : त्या रात्री तुझ्या आहेत. तू सही केली होतीस, त्यांनी नाही. थांब, पण पुसायच्या आधी एक विचारायचंय. पाचव्या रात्रीत शेवटी एक वाक्य आहे. “म्हणतात, शेवटी ते म्हणाले...” आणि पुढे माझं घोरणं इतकं चढतं की काही कळत नाही. मी सव्वाशे वेळा ऐकलं असेल. ताईला आता विचारायची सोय नाही. ती असताना मी विचारलं नाही.

ती : नियमानं सांगता येत नाही मला.

तो : माहीत आहे.

ती : पण तो निरोप मुळात तुमचाच. द्यायचा राहिलेला. त्यांना रात्री ताप चढला होता. ताई आणि बाकीचे सगळे भोवती बोलत होते, कुणी रडत होतं. तर ते म्हणाले, हळू बोला, तो आत झोपलाय.

तो : कोण?

ती : तुम्ही. तुम्ही घरीच आहात असं वाटत होतं त्यांना. आतल्या खोलीत, अभ्यास करून झोपलात. ताई म्हणाल्या, मग आम्ही सगळे हळू बोललो.

तो : पुन्हा सांग.

ती : म्हणाले, हळू बोला, तो आत झोपलाय.

तो : (चष्मा काढून बाजूला ठेवतो.)

ती : पुसा डोळे. हा घ्या, माझा पदर घ्या. आणि ऐका, मी ठरवलंय. आहे ते सगळं पुसा, आजपासून पुन्हा अकरा रात्री मोजा. मी बाहेरच्या खोलीत झोपते. मधलं दार लावून घेते, म्हणजे माझा आवाज त्यात यायचा नाही.

तो : अर्धंच लाव.