दोन रकान्यांपैकी एक

सन्माननीय अध्यक्षा प्रेमिलाताई, व्यासपीठावरील चिटणीस श्री. धर्मेंद्र साळवे, आजचे सत्कारमूर्ती श्री. धम्मानंद मेश्राम, त्यांच्या पत्नी सरिताताई, चर्चच्या कार्यालयातील सहकारी आणि नागपूरच्या सदर भागातल्या या सभागृहात उकाडा सोसत बसलेल्या बंधुभगिनींनो,

माझ्या मागच्या फलकावर ‘सेवानिवृत्ती’ हा शब्द शुद्ध लिहिलेला आहे. एक्याऐंशीव्या वर्षी माणसाला तेवढे समाधानही पुरते. परंतु आताच्या भाषणातले एक वाक्य मला तसेच राहू देता येणार नाही. चिटणीस म्हणाले, “दोन हजार चार साली मेश्राम यांच्या हातून एक चूक झाली, समितीने ती मोठ्या मनाने पोटात घातली.” आपण टाळ्या वाजवल्या. या एका वाक्यात तीन चुका आहेत. साल २००३ होते. चूक मेश्राम यांची नव्हती. आणि समितीने ती पोटात घातली नाही, त्यांच्या सेवापुस्तकात घातली. ‘निष्काळजीपणाबद्दल ताकीद’ हा शेरा तिथे आजही आहे.

धर्मेंद्रजी, घड्याळ पाहू नका. कार्यालय पाचला बंद होते, हे माझ्याही ध्यानात आहे. उद्या तीस जून, कागदोपत्री साठ वर्षे पुरी होऊन मेश्राम यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस, आणि रविवार. शेरा खोडायचा तर आजचाच दिवस उरला आहे. मी त्याचसाठी उभा राहिलो आहे.

चर्चच्या कार्यालयात धम्मानंदांचे काम तरी काय होते? इंग्लंडातून पत्रे येत. कुणाचे आजोबा इथे रेल्वेत होते, कुणाची पणजी कामठीच्या छावणीत बाळंतपणात गेली होती. तिकडच्या जुन्या जनगणनेत या लोकांना पूर्वजाचे नाव, वय आणि जन्मस्थळ सापडे: नागपूर, हिंदुस्थान. पुढचा माग आपल्या चर्चच्या नोंदवह्यांतच लागायचा. धम्मानंद वाळवीने खाल्लेली पाने एकेक सोडवून नोंद शोधत. उत्तराचा इंग्रजी मसुदा मी करून देई. कारण मी त्यांचा प्राथमिक शाळेतला गुरुजी, आणि आपल्याकडून अशुद्ध पत्र विलायतेला जावे, हे मला सहन होण्यासारखे नव्हते.

२००३ च्या जानेवारीत मार्जरी फेनविक नावाच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईंचे पत्र आले. त्या अविवाहित होत्या. घराण्याचा वंशवृक्ष पुरा करूनच डोळे मिटायचे, असे त्यांनी लिहिले होते. आजोबा टॉमस यांची जन्मतारीख तेवढी हवी होती. टॉमसचे वडील रेल्वेचे मुकादम. त्यांना नागपुरातच पुरलेले.

नोंदवहीत दोन रकाने असतात. बाप्तिस्मा केव्हा झाला, हा पहिला. जन्म केव्हा झाल्याचे सांगितले, हा दुसरा. धम्मानंदांनी दोन्ही तारखा चिठ्ठीवर उतरवून आणल्या होत्या.

“गुरुजी, दोन तारखा हायेत.”

मी म्हणालो, “एका पोराला दोन वाढदिवस असतात का रे?”

ते हसले. “माहा तं एकही खरा नाही, गुरुजी.”

मीही हसलो, आणि पहिली तारीख ‘जन्म’ म्हणून लिहून दुसरी खोडली. मसुद्यात त्याच्याच वरच्या ओळीत वडिलांच्या दफनाची तारीख होती. वडील गेल्यावर जवळजवळ एकवीस महिन्यांनी मूल! मी त्या दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या आणि मला काही दिसले नाही. माझे लक्ष स्वल्पविरामांवर होते.

बाईंचे उत्तर आले, तेही आभाराचे. “१८८१ च्या जनगणनेत आजोबांचे वय नऊ लिहिले आहे. आपल्या तारखेप्रमाणे ते सातच भरते. म्हणजे लाज झाकण्यासाठी घरच्यांनी वय वाढवले. हे आडनाव आमचे नव्हते, एवढे तरी मरणापूर्वी कळले.”

‘नऊ’ हा आकडा वाचताच धम्मानंद नोंदवहीकडे धावले. दुरुस्तीचे पत्र दुसऱ्याच दिवशी टपालात पडले. त्याचे उत्तर भाचीने लिहिले. मावशीला पुरून अकरा दिवस झाल्यावर पत्र पोचले होते. मावशीच्या इच्छेप्रमाणे दगडावर नुसते ‘मार्जरी’ कोरले होते. आडनाव नाही.

भाचीची तक्रार समितीकडे आली. धम्मानंदांना आत बोलावले. मी बाहेर व्हरांड्यात बसून होतो. ते बाहेर आले तेव्हा मी विचारले, “काय सांगितलंस?”

“चूक झाली म्हनलं.”

“कोणाची?”

“गुरुजी, मसुदा तुमचा होता, पन सही तं माहीच होती ना. चला, चहा घेऊ.”

मी चहा घेतला. दार दहा पावलांवर होते; मी आत गेलो नाही. निवृत्त मुख्याध्यापकाच्या हातून अशी चूक झाली, हे गावाला कळू नये, यापलीकडे त्याला कारण नव्हते. एकवीस वर्षे मी गप्प राहिलो.

प्रेमिलाताई, या पाकिटात माझा लेखी कबुलीजबाब आहे. सेवापुस्तक खालच्या कपाटात आहे. पाचच्या आत तो शेरा तांबड्या शाईने खोडून खाली आपली सही करावी, एवढीच विनंती.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत, मी आभारी आहे. बोलण्यात काही उणे राहिले असेल तर ते पदरात घ्यावे. बाकीची क्षमा मात्र सभागृहाकडे मागून भागणार नाही. ज्या दोघांकडे ती मागायची, त्यांतले एक इथे खुर्चीत मान खाली घालून बसले आहेत.

आता तारखा नीट लावून जातो.

टॉमस फेनविक, जन्म: ११ ऑक्टोबर १८७१.

त्यांच्या वडिलांचे दफन: १९ मे १८७२. मूल तेव्हा सात महिन्यांचे होते, आणि त्यांचेच होते.

टॉमसचा बाप्तिस्मा: ८ फेब्रुवारी १८७४.

मार्जरी फेनविक यांचे दफन: ९ मे २००३. दुरुस्तीचे पत्र पोचले: २० मे २००३.

धम्मानंद मेश्राम, शाळेच्या दाखल्यावरील जन्म: १ जुलै १९६४. ही तारीख मी लिहिली, प्रवेशाला सहा वर्षे पुरी दिसावीत म्हणून. त्यांच्या आई अंजनाबाई टेबलाशी उभ्या राहून सांगत होत्या, “दीक्षेले आठ वर्स होऊन गेले होते गुरुजी, अन् थंडी लय होती.” मी लिहिणे थांबवले नाही. नागपूरची दीक्षा ऑक्टोबर १९५६ ची; म्हणजे खरा जन्म: १९६४ चा हिवाळा. दिवस आता कुणालाच सांगता येणार नाही.

सेवानिवृत्ती: फलकावरचा शब्द शुद्ध आहे. त्याखालची तारीख चूक आहे.