वाकडी खुंटी

नाही, किंमत शेवटी. आधी यातली खोट दाखवा. हो, खोटच म्हणालो मी. या टेबलात एक खोट आहे, तिच्यावर बोट ठेवायचं, मग भावाचं बोलू — या एका टेबलापुरता माझा नियम आहे तो. जाहिरातीत लिहिलं नव्हतं, बरोबर आहे, जाहिरातीत सगळं लिहीत बसलो तर इथवर येणार कोण? आणि काका नका म्हणू. काका म्हणणारं गिऱ्हाईक पुढच्या वाक्याला भाव पाडून मागतं, तीस वर्षं बघतोय. तुमचं तर त्याहून वरचं — वस्तू डोळ्यांनी पाहिलेली नाही, घासाघीस नाही, आणि दारात टेम्पो उभा करूनच आत आलात. अशा गिऱ्हाइकाला कापणं किती सोपं असतं, माहितीय? ते टेम्पोत पुढे बसलेत ते कोण, टोपी डोळ्यांवर ओढून? वडील? आजोबा? बोलायचं नसेल तर नका बोलू. पण ऊन आहे, आत येऊन बसायला सांगा त्यांना, खुर्च्यांना काय तोटा आहे इथे. नाही येणार म्हणतात? बरं. त्यांची मर्जी.

तुमच्याआधी चार जण येऊन गेले. चौघेही नापास. पहिल्या बाईंनी टेबलाला टेकून स्वतःचेच सात-आठ फोटो काढले आणि म्हणाल्या, याला आत्मा आहे. मी म्हटलं, असेल, पण खोट कुठेय? तर रुसून गेल्या. दुसरा कलिंगड वाजवावं तसं टेबल वाजवत बसला. तिसरे एक प्राध्यापक, चष्मा लावून आले, चष्मा काढून वाकले आणि ही बारकी भोकं दाखवून म्हणाले, कीड! कसली कीड? किडा लाकडात सरळ कधी जात नाही, वळतो, मुरडतो, आडवा जातो. एक केसाएवढी तार घ्या आणि घाला त्या भोकात. सरळसोट आत गेली ना, तर तो किडा म्हणजे मी. ड्रिल मशीन घेतलेला किडा — आता हे मी तुम्हाला का सांगतोय कोण जाणे. असो. चौथा काय म्हणाला ते आठवतही नाही.

लोकांना जुनं हवं असतं, पण स्वतःच्या घरातलं नको असतं. सासऱ्यांच्या कपाटाची अडचण होते म्हणून मला फोन करतात. मी जातो, नाक मुरडतो, पायापाशी खिशातला चिमूटभर भुसा सांडतो आणि म्हणतो, वाळवी दिसतेय हो. लगेच काळजीत पडतात, न्या बाबा एकदाचं, उरलेलं घर तरी वाचेल. महिन्याभराने तीच मंडळी माझ्याकडे येऊन दुसऱ्याच्या सासऱ्यांचं कपाट चौपट किमतीला घेऊन जातात आणि दिवाणखान्यात ठेवून पाहुण्यांना सांगतात, आमच्या घराण्यातलं. कीव येते मला. नाही, खोटं कशाला बोलू — कीव नाही येत. मजा येते.

काय करताय? ड्रॉवर पूर्ण बाहेर काढताय? काढा, काढा. पण वर न बघता खालून हात फिरवायला कुणी शिकवलं तुम्हाला? गिऱ्हाईक वरून हात फिरवतं. वरचं पॉलिश काय, कुणीही करतं. खालून हात फिरवणारा मी आजवर एकच माणूस पाहिला. माझा दादा. तो आणि मी, दोघांचा मिळून होता हा धंदा, या दुकानाच्याच मागे शेड होती. तो करायचा, मी मारायचो. कळलं नाही? दादा सुतार — म्हणजे नुसता सुतार नव्हे, कोपऱ्याचे दाते असे बसवायचा की मधून कागद जाणार नाही. तो कोरं करकरीत टेबल करायचा आणि मग मी त्याला म्हातारं करायचो. सायकलच्या साखळीने झोडायचो, कडा विटेने घासायचो, चहापत्तीचं पाणी पाजायचो, ड्रॉवरमध्ये शाईची बाटली कलंडून द्यायचो. आठ दिवसांत ऐंशी वर्षं. मी खुंटीवरची साखळी काढली की दादा हात पुसून बाहेर निघून जायचा. म्हणायचा, तुझं होऊ दे, मग येतो. मला हसू यायचं. अरे, मेलेलं लाकूड आहे ते, त्याला काय लागतंय?

तर हे टेबल. हे त्याने विकायला केलेलं नव्हतं. त्याच्या मुलीला शाळेचा अभ्यास करायला केलं होतं — चांगलं जुनं सागवान, तीन महिने रोज काम संपल्यावर तासभर. आणि तो चार दिवस सासुरवाडीला काय गेला, एक बिल्डर आला माझ्याकडे. त्याला एखाद्या न्यायाधीशाचं टेबल हवं होतं, तेही लगेच, त्याच आठवड्यात. आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? समोर तयार टेबल आहे. लाकूड शिल्लक आहे, दुसरं होईल, पोरगी काय उद्याच वकील होत नव्हती. मी काढली साखळी. दोन दिवस झोडलं. शाई सांडली. एका रागीट न्यायाधीशाची गोष्ट रचली, निकाल लिहिताना दौत आपटायचा म्हणून हा डाग — बिल्डर खूश. दादा परत आला, रिकामी जागा बघितली. मी म्हटलं, दुसरं कर ना, हात तर तुझेच आहेत. एवढंच म्हणालो. तो एका शब्दाने भांडला नाही. रंधे, पटाश्या गोणपाटात गुंडाळल्या आणि गेला. अठरा वर्षं झाली. आला नाही. मीही गेलो नाही, मी का जाऊ? एका टेबलावरून घर सोडणारा माणूस! तुम्हाला तरी पटतं का हे?

आता गंमत ऐका. तीन महिन्यांपूर्वी एका बंगल्यातून फोन आला. म्हातारे गेले, मुलगा सामान काढतोय. गेलो. टेबल दाखवलं — गडद काळपट पॉलिश, पितळी कड्या, वरती चामडं चिकटवलेलं. मुलगा म्हणाला, हे एका न्यायाधीशाचं आहे, फार रागीट माणूस, दौत आपटायचा. आणि मी मान डोलावली! मी! माझीच गोष्ट मला ऐकवली आणि मी मान डोलावून, न कुरकुरता, मागेल ती किंमत देऊन आलो. खिशात हातसुद्धा घातला नाही भुशासाठी. इथे आणून चामडं सोलून काढलं, कड्या काढल्या, ड्रॉवर ओढला, तर परत आत जाईना. अडला. आणि माझ्या हाताने आपसूक डावा कोपरा आधी लावला, मग उजवा — गेला आत. दादाचे सगळे ड्रॉवर असेच जायचे. तेव्हा कळलं. तीस वर्षं दुसऱ्यांना हसतोय, आणि माझ्याएवढं मोठं गिऱ्हाईक या दुकानात कधी आलं नाही.

हो, तिथेच. बरोबर तिथेच बोट ठेवलंत तुम्ही. मागची खुंटी. दादा प्रत्येक कामात सांधा पक्का करणारी एक खुंटी फिक्या लाकडाची ठोकायचा, ती त्याची सही. पण ही बघा, वाकडी आहे. कड फुटलीय, हातोडी बाजूला घसरल्याचा वळसुद्धा आहे. दादाच्या हातून वाकडी खुंटी? पाव सुताएवढा फरक असला तरी अख्खा पाय फेकून द्यायचा तो. आणि स्वतःच्या मुलीच्या टेबलात ही घाण ठेवली? तीन महिने डोकं फोडतोय मी. म्हणून तर जाहिरात दिली, ड्रॉवर उघडा ठेवून फोटो काढला, कुणीतरी येईल आणि सांगेल. ओळखलीत, शाबास. आता सांगा, का ठेवली असेल?

काय म्हणालात?

तुम्ही ठोकलीत.

म्हणजे — तू होय. रंध्याची सालपटं बांगड्यांसारखी हातात घालून शेडभर फिरायचीस. सात वर्षांची होतीस. तुझ्या हातात हातोडी दिली आणि वाकडी गेली तरी तशीच राहू दिली त्याने. एवढं साधं. माझ्या डोक्यात नाही आलं हे, एकदाही नाही. आणि मी त्याच्यावर साखळी चालवली.

मग टेम्पोत — नाही, नको. हाक नको मारूस. मी तिकडे बघत नाहीये, काचेवर धूळ बसलीय ती बघतोय. बारीक झालाय. टोपी कधीपासून घालायला लागला? त्याने फोटोवरून ओळखलं ना? काळं पॉलिश होतं, शाई होती, अठरा वर्षं झाली होती, तरी बोटाएवढ्या खुंटीवरून ओळखलं. आणि मी दोन्ही हातांनी उचलून आणलं, तरी मला कळलं नाही. त्याला हे सांगू नकोस. सांग हवं तर. त्याला माहीतच असेल.

ते पाकीट आत ठेव. ठेव म्हणतो ना. खोट दाखव म्हणालो होतो, दाखवलीस, झालं. टेम्पोवाल्याला बोलाव, तो आणि तू उचला. मी दारापर्यंत येत नाही, माझी कंबर धरलीय. पाय दाराला आपटू देऊ नका. शाईचा डाग निघणार नाही, खोलवर गेलाय, घासत बसू नका उगाच. बाकी ड्रॉवर कसा बसवायचा ते तुला सांगायला नको.

चल, नीघ आता. मला दुकान बंद करायचंय. घड्याळ काय बघतेस, असू देत सकाळचे अकरा. बंद करायचंय मला.