जाकिटातली गोळी

(उज्जैनमधलं एक इस्पितळ, सकाळची वेळ. मुलांच्या वॉर्डात पाच वर्षांची भार्गवी. दाराबाहेर तिची आई मधुरा आणि आजोबा भय्यासाहेब.)

मधुरा : बाबा, येरझारा पुरे झाल्या आता. बसा, चहा घ्या.

भय्यासाहेब : पोरीच्या पोटात कालपासून पाण्याचा थेंब नाही, आणि मी चहा ढोसू? डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, नीट सांग.

मधुरा : जंतांचा गुंता आतड्यात अडकलाय. नाकातून नळी घातलीये, सलाईन चालू आहे. संध्याकाळपर्यंत वारा सरला तर वाट मोकळी होतेय समजायचं. नाहीतर ऑपरेशन.

भय्यासाहेब : एवढ्याशा पोटावर सुरी!

मधुरा : माझंच चुकलं. टावर चौकात पाणीपुरी मागायची, मी घेऊन द्यायची. नखंसुद्धा वेळेवर कापली नाहीत.

भय्यासाहेब : मधुरा, ऐक.

मधुरा : शाळेत जंतांची गोळी घेतली होती का, विचारलं त्यांनी. मी छातीठोकपणे हो म्हटलं.

भय्यासाहेब : नाही घेतली तिनं. ही बघ. माझ्या जाकिटात आहे.

मधुरा : तुमच्या?

भय्यासाहेब : त्या दिवशी आणायला मीच गेलो होतो ना. चावून खायची गोळी, म्हटलं, आज सोमवारचा उपास आहे हो, देवाची सवारी बघून सोडला की देईन. बाईंनी माझ्या हातावर ठेवली.

मधुरा : कसला उपास, बाबा? ऑगस्टच्या दहा तारखेला आपला श्रावण लागलासुद्धा नव्हता!

भय्यासाहेब : इथल्या लोकांचा लागला होता. मी दोन्ही धरतो, तुला माहीत आहे. आधी पंधरा दिवस त्यांचे, मग आपले. पोरगी म्हणाली, मी पण करणार, आणि मला मेलं कौतुक! सवारीहून आलो, जाकीट पेटीत गेलं. काल इथं यायला चढवलं, तेव्हा हाताला लागली.

मधुरा : कालपासून मी स्वतःला कोसतेय, आणि तुम्ही ऐकून राहिलात?

भय्यासाहेब : जीभच उचलेना गं. चल, डॉक्टरीणबाईंना मीच सांगतो.

मधुरा : राहू द्या. मी सांगते. तुम्ही आत जा. कधीची तुमचं बोट मागतेय ती.

भय्यासाहेब : भारू, आलो बघ मी. दुखतंय का गं?

भार्गवी : थोडंसं. आजोबा, तुम्ही रागावणार नाही ना?

भय्यासाहेब : मी? तुझ्यावर?

भार्गवी : तुम्ही म्हणता ना, चार लोकांत सोडायचा नाही. मी खूप धरला. पण सुटला.

भय्यासाहेब : काय सुटला? वारा? खरंच?

भार्गवी : मोठा. त्या पलंगावरचा मुलगा हसला.

भय्यासाहेब : अगं मधुरा, धाव! सिस्टर! अगं माझी राणी, सोड की! आणखी सोड! सगळ्या उज्जैनला ऐकू जाऊ दे!

भार्गवी : आजोबा, रडताय कशाला?

भय्यासाहेब : उगीच. आनंद झाला म्हणून.

मधुरा : डॉक्टर बघून गेल्या, बाबा. पोट मऊ पडतंय म्हणाल्या. असंच राहिलं तर ऑपरेशन नको. गोळी मात्र पोट पूर्ण मोकळं झाल्यावर, त्या सांगतील तेव्हा.

भय्यासाहेब : ती तूच दे. माझ्या हाताचा भरोसा नाही आता.

भार्गवी : नाही! आजोबा देतील.

मधुरा : तुम्हीच द्या, बाबा. मी पाणी घेऊन उभी राहीन.