बावीस आटे

...आणि वर मलाच विचारतात हो, जिन्यात गाठून! "काय वहिनी, तुमचे मिस्टर पाण्याच्या खात्यात, मग आमच्या नळाला दोनच बादल्या का?" आता तुम्हीच सांगा, आमच्या ह्यांनी पाणी काय खिशात घालून आणलंय? खात्यात म्हणजे कुठं, तर सगळ्यात खाली! त्याच्याखाली फक्त पाइप! हुद्दा मदतनीस, वय चव्वेचाळीस. पंचवीस वर्षं हा माणूस कापडाच्या दुकानात उभा होता, आवाज कसा, तर "ताई, ह्यातच निळा दाखवू का?" इतका मऊ... ते दुकान बसलं, आणि खात्यानं ह्यांच्या हातात दिली चावी. चावी म्हणजे कपाटाची नव्हे हो! खांद्याएवढी लोखंडी, वर आडवा दांडा, सायकलला बांधून न्यायची, रस्त्यातलं झाकण उचलायचं, आत घालायची आणि फिरवायची. बावीस आटे. बावीस फिरवले की एका गल्लीला पाणी. घरी चहा ढवळतानासुद्धा ह्यांचे ओठ हलायचे, "एकोणीस, वीस..." मी म्हणायची, अहो, साखर केव्हाच विरघळली, आता कपाची नक्षी निघेल!

तर तुम्हाला सांगते, पाणी सोडलं की दुसरं काम असायचं. गल्लीच्या टोकाला एक म्हाताऱ्या मास्तरीणबाई राहायच्या, एकट्या. त्यांच्या नळाचं पाणी छोट्या नळीत घ्यायचं, त्यात औषधाचे दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की समजायचं, शुद्ध आहे. रोज पिवळं व्हायचं. त्या मंगळवारी होईना. परत थेंब टाकले, होईना. नवी बाटली फोडली... छे! नाकाशी धरलं, तर ओल्या पोत्यासारखा वास. आणि तेवढ्यात दारात कोण? मास्तरीणबाई, हातात पेला! "घे रे, उन्हातून आलास." म्हणजे बघा, ह्यांच्या एका हातात नळी, दुसऱ्या हातात पेला, आणि दोन्हीत तेच पाणी. आणि हे प्यायले! मी डोक्याला हात लावला, म्हटलं, "अहो, कशाला प्यायलात?" तर म्हणे, "त्यांचा हात थरथरत होता गं. नको कसं म्हणू?" पंचवीस वर्षांत गिऱ्हाइकाला नको म्हटलं नाही, ते त्या दिवशी कुठून म्हणणार? बाईंना मात्र सांगून आले, पाणी उकळून प्या. त्या काय म्हणाल्या माहितीय? "उकळायला माझ्यात आणि शेगडीत, दोघींत जीव कुठाय?"

तिथून सायकल मारत हे मुकादमांकडे. मुकादम म्हणजे कसे, मान वर करायची नाही, टेबलाशी बोलायचं. "औषध शिळं असेल तुझं. बरं, वर कळवतो." बुधवारी परत तेच पाणी, परत हे हजर. "वर कळवलंय." गुरुवारी ह्यांनी घसा खाकरून विचारलं, "तोवर बंद करून ठेवू का?" तर टेबल ओरडलं, "हुकमाशिवाय चावीला हात लावायचा नाही! वर कळवलंय म्हटलं ना!" आता मला सांगा, हे वर म्हणजे कुठं? कितवा मजला? जिना आहे की नाही? हे बिचारे घरोघर हिंडले, पाणी उकळा, पाणी उकळा... लोक म्हणाले, "आधी पुरेसं सोडा, मग उकळायचं बघू!" आणि धाडकन दार.

शुक्रवारी मास्तरीणबाईंच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "काल भाचीनं इस्पितळात नेलं. उलट्या थांबेनात. आमच्याकडंही दोघं आडवे पडलेत."

हे तसेच मागं फिरले. झाकण उचललं, चावी घातली आणि फिरवली. उलटे बावीस. गल्लीचं पाणी बंद! आणि झाकण लावून वर स्वतः उभे. पाच मिनिटांत अख्खी गल्ली बाहेर, कुणाच्या डोक्याला साबण, कुणाच्या हातात उष्टी भांडी. एक दांडगा पुढं आला, "कुणाला विचारून बंद केलंस रे?" तर ह्यांनी काय उत्तर द्यावं? त्याच मऊ आवाजात, "दादा, खराब माल मी देणार नाही." पाठीत बादली बसली हो! रिकामी होती म्हणून वाचले, आणि भरलेली कुठून असणार? पण हलले नाहीत. चिडलेला सगळा जमाव कचेरीवर गेला, तिथं काचा वाजवल्या. आणि काय चमत्कार, तीन दिवस जे वर पोचलं नव्हतं ते अर्ध्या तासात पोचलं! साहेब आले, गाडी आली, रस्ता खणला... ह्यांनी वासावरून जागा दाखवली, तिथून पाच हातांवर गटाराचा पाइप फुटलेला, आणि खाली आपल्या पाण्याच्या पाइपचा सांधा कुजलेला. मुकादम खड्ड्याकडं बघत म्हणतात, "मी वर कळवलंच होतं!"

रविवारी मास्तरीणबाई गेल्या.

तोवर हेही अंथरुणात, त्याच पेल्यानं. तापानं फणफणलेले, भिंतीकडं तोंड. मी किती समजावलं, अहो, तुम्ही बंद केलंत म्हणून बाकीची गल्ली वाचली, तुम्हाला बादली मारणारासुद्धा वाचला! तर एकच, "मंगळवारीच फिरवायला हवी होती गं. चावी हातात होती." मी पंख्यानं वारा घालत बसले.

आठव्या दिवशी खात्याचा माणूस आला. मला वाटलं, तब्येतीच्या चौकशीला आला असेल, गडबडीनं खुर्ची पुसली. तर हातात नोटीस! विनापरवानगी पाणीपुरवठा बंद का केला, लेखी खुलासा द्यावा! ह्यांनी उशीला टेकून खुलासा लिहिला, बिलावर लिहायचे तसल्या ठसठशीत अक्षरात. "चूक झाली. मी पाणी शुक्रवारी बंद केले, ते मंगळवारीच करायला हवे होते." मी म्हटलं, झालं, गेली नोकरी! पण साहेबांनी वाचलं "चूक झाली" आणि तिथंच थांबले. खूश झाले. शेरा मारला, "कर्मचाऱ्याने चूक कबूल केली, सबब माफ. पुन्हा असे करू नये."

तो कागद घेऊन हे दोन दिवस बसलेत. काल मला विचारतात, "पुन्हा असं करू नये म्हणजे कसं गं? बंद करू नये, की उशीर करू नये?"

मी म्हटलं, "मला काय विचारताय? पण साहेबांना मात्र विचारू नका हं... परत लेखी मागतील!"